खालचे पाच शब्द

माझी भाची पुण्याला संगणकाच्या कामात आहे. काही वर्षांपूर्वी ती सुट्टीला आली तेव्हा तिनं मला एक गंमत दाखवली. कोणीतरी तयार केलेला छोटासा प्रोग्राम होता. आपण ईमेल लिहून संपवली की तो तिच्या शेवटी आपोआप चार-सहा भलतेच शब्द जोडून देई. स्फोट, राजदूत, गुप्त तळ, असले. लोकांची पत्रं सरकारची यंत्रं चाळत असतात, तर त्यांना चाळायला भरपूर माल द्यावा, एवढाच त्यामागचा चावटपणा. ती मनापासून हसत होती. मला हसू आलं नाही. तिनं कारण विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तोवर तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि ती तर त्या गोष्टीतलीच होती.

आमचं गाव मंगरूळपीर आणि मानोऱ्याच्या मधे, सडकेपासून आत. तेव्हा हा सगळा भाग अकोला जिल्ह्यात होता. आमचं घर बौद्धवस्तीत, शेवटून दुसरं. बाबा लवकर गेले. घरात माय, दादा, मी, आणि पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात दादाचं लग्न झाल्यावर वहिनी. दादा हायस्कुलात मास्तर होता. शाळा सुटली की खडी फोडणाऱ्या मजुरांचे अर्ज लिहून दे, त्यांच्यासोबत कचेरीवर जा, हे त्याचं चालू असे. आणीबाणी लागली तेव्हा माय त्याला म्हणाली होती की काही दिवस गप राहा. तो गप राहिला नाही. डिसेंबरात कापूस वेचणं चालू असताना दुपारी गाडी आली आणि त्याला मिसाखाली घेऊन गेली. वहिनीला तेव्हा पहिला महिना होता. ते तिला स्वतःलाही पक्कं ठाऊक नव्हतं.

मला त्याच वर्षी प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून नोकरी लागली होती. वय बावीस. वहिनी माझ्याहून एकाच वर्षानं मोठी, पण शाळा चौथीपर्यंतच. तिचं अक्षर मोठं आणि तुटक होतं, आणि त्याची तिला लाज वाटे. तरी दादाला पत्र मात्र ती स्वतःच लिही. निळ्या आंतरदेशीय पत्राची तिन्ही पानं भरायला तिला दोन दिवस लागत. काय लिहिते ते मला दाखवत नसे. नवऱ्याला लिहिलेलं पत्र होतं, मीही विचारत नसे.

पत्रं उघडली जातात हे पहिल्यांदा मायच्या लक्षात आलं. दादाचं पत्र आलं होतं. मायला वाचता येत नव्हतं, पण पत्र आलं की ती आधी हातात घेऊन बघे. तिनं चिकटवलेल्या कडेवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाली की ही खळ घरची आहे, गव्हाच्या पिठाची. कोणीतरी पाकीट उघडून पुन्हा चिकटवलं होतं. वहिनी उठली. आत जाऊन पाठमोरी बसली. तिनं आतापर्यंत जे जे लिहिलं होतं ते सगळं कोणा परक्या माणसानं वाचलं, एवढाच विचार तिच्या मनात असणार. पुढचे पंधरा दिवस तिनं दादाला पत्र लिहिलं नाही. नंतर लिहिलं ते मला वाचायला दिलं. त्यात शेळीचं, तुरीचं आणि चुलीचं वर्तमान होतं, बाकी काही नव्हतं.

त्या पत्राला दादाचं उत्तर आलं. त्यानं विचारलं होतं की चूल काय होत नाही? त्याला मिळालेल्या पत्रात 'चूल' आणि 'नाही' यांच्या मधला शब्द काळ्या शाईनं पुसला होता. वहिनीनं लिहिलं होतं, ओल्या काड्यांमुळे चूल पेटत नाही.

आमच्या गावचं पोस्ट म्हणजे एका घरातली खोली. तिथले पोस्टमास्तर भले माणूस होते. मी विचारल्यावर त्यांनी आधी टाळलं. मग हळू आवाजात सांगितलं की पाच कोसांवरच्या मोठ्या गावात एक हवालदार पोस्टात बसवला आहे. त्याच्याकडे घरांची एक यादी आहे आणि टाइप केलेल्या शब्दांची दुसरी. यादीतल्या घरांची जाणारी-येणारी पत्रं त्याच्याकडून जातात.

"थो वाचत नाई," ते म्हणाले, "शब्द हुडकते. शब्द सापडला की काळा करते, नाईतर पत्र वर धाडते."

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा वहिनी अंबाडी निवडत होती. तिनं हात थांबवला. आपलं पत्र कोणी चवीनं वाचत नाही, हे ऐकून तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. माणसानं माणसाचं पत्र वाचलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण चूल पेटत नाही एवढंही ज्याला समजत नाही त्यानं त्यावर बोळा फिरवावा, याचा तिला संताप आला.

"मंग देऊ त्याले शब्द," ती म्हणाली. "खाऊ दे पोटभर."

बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. तिनं माझ्या जुन्या वहीच्या चिठ्ठ्या फाडल्या आणि मी त्यांवर शब्द लिहिले. अर्धे त्या यादीत असतील असे: मशाल, भुयार, दारूगोळा, पूल, तोफ, दिल्ली. अर्धे वहिनीनं घरातले सांगितले: लोणचं, खुरपं, दुरडी, पाटा, सासू, अंबाडीची भाजी. सगळ्या चिठ्ठ्या डब्यात टाकून हलवल्या. नियम असा ठरला की पत्र संपलं, सही झाली, की डोळे मिटून पाच चिठ्ठ्या काढायच्या आणि ते पाच शब्द खाली एका ओळीत लिहायचे. का लिहिले ते सांगायचं नाही. आणि लिहायचे मी, कारण माझं अक्षर चांगलं होतं. त्याला काळं करायला तरी नीट दिसले पाहिजेत, असं वहिनी म्हणाली.

पहिल्या पत्राखाली निघाले ते मशाल, अंबाडीची भाजी, भुयार, खुरपं आणि दिल्ली. तीन आठवड्यांनी दादाचं उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं की खालच्या ओळीत मशाल दिसते, भुयार दिसतं, खुरपं आणि दिल्ली दिसतात, पण दुसरा शब्द काळा केला आहे. तो काय असावा यावरून आमच्या बराकीत दोन तट पडले आहेत, तरी कृपा करून कळवावं. मी हे मोठ्यानं वाचलं. वहिनी हसायला लागली आणि तिला थांबता येईना. मायला काही कळलं नाही, तेव्हा मी समजावून सांगितलं की सरकारनं मशाल सोडली आणि भाजी पकडली. मग मायही हसली. दादाला नेल्यापासून आमच्या घरात कोणी हसलं नव्हतं.

त्यानंतर दर पत्राला पाच शब्द जाऊ लागले. दादाकडे डबा नव्हता. तो पाच कैद्यांना एकेक शब्द विचारे आणि त्याच्या पत्राखाली ते येत. एकदा खिडकी, बैल, तंबाखू, आजी आणि समुद्र असे आले. वहिनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचे. समुद्र कोणी सांगितला असेल, कोकणातला असेल का, त्याच्या घरी कोण असेल, असं ती मला विचारत राही. पत्रातलं स्वतःचं, नवरा-बायकोचं बोलणं तिनं पुन्हा कधी लिहिलं नाही. पण त्या पाच शब्दांमुळे तिला पत्र लिहावंसं वाटू लागलं, आणि ते तिला तोंडपाठ असत.

मला सुरुवातीपासून भीती वाटत होती. नोकरी नवी होती, आणि चार ओळींच्या कागदावर ती जाऊ शकते हे शाळेत रोज ऐकू येत होतं. पण मी थांबले नाही. घरात हसू आलं होतं, ते मला घालवायचं नव्हतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, उन्हं तापली असताना, एक शिपाई आला आणि म्हणाला की दोघींनी ठाण्यावर यायचं, डब्यासकट. डब्याचं त्यांना कसं कळलं ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. आम्हीच वस्तीत कोणाकोणाला सांगून हसलो होतो. वहिनीला सातवा महिना होता. माय सोबत येते म्हणाली, तिला येऊ दिलं नाही.

ठाण्यात टेबलामागे फौजदार होते, बदलून आलेले, बाहेरच्या मुलखातले. बाजूला स्टुलावर एक वयस्क हवालदार रजिस्टर उघडून बसला होता. पत्रं उघडणारा हाच, हे मला त्याच्या बोटांवरून कळलं. नखांच्या कडांना काळी शाई लागली होती. रजिस्टरात आमचे सगळे शब्द उतरवलेले होते, तारखेवार, आणि समोर अर्थाचा रकाना. तो बहुतेक कोरा होता. 'लोणचं'समोर कोणीतरी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

फौजदारांनी एकेक शब्द विचारायला सुरुवात केली. दुरडी म्हणजे कोण? वहिनीनं सांगितलं की भाकरी ठेवायची दुरडी. समुद्र म्हणजे कुठली जागा? ते आमच्याकडून गेलंच नव्हतं, तिकडून आलं होतं, असं ती म्हणाली. त्यांना वाटलं ती चेष्टा करते आहे. पण चेष्टा आता तिच्या आवाजात राहिली नव्हती. ती टेबलाची कड धरून उभी होती. मग फौजदारांनी माझी सही असलेला शाळेचा एक कागद काढला आणि त्या ओळींशेजारी ठेवला.

"अक्षर तुमचं आहे," ते म्हणाले. "डोकं कोणाचं?"

मी म्हणाले, "वहिनीचं."

ते खरं होतं. पण मी ते खरं म्हणून बोलले नव्हते, नोकरीसाठी बोलले होते, आणि हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळलं. फौजदारांनी मला बाकावर बसायला सांगितलं. वहिनी उभीच राहिली. दुपार उलटली तरी ती उभी होती. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहू शकले असते. कोणी अडवलं नसतं. मी बसून राहिले.

शेवटी हवालदार उठला. त्यानं डबा फौजदारांसमोर सरकवला.

"साहेब, तुमीच पाच काढा," तो म्हणाला. "मंग मी रजिस्टरात लिहितो साहेबांनी काय संदेश धाडला थे."

मला वाटलं आता हा मार खाईल. फौजदारांनी डब्याचं झाकण काढलं. मग त्यांनी डब्यात हात घातला. एकेक चिठ्ठी उलगडून ते हलक्या आवाजात वाचत गेले: तोफ, सासू, पाटा, रात्र, गहू. कोणी हसलं नाही. पंखा फिरत होता आणि दोन चिठ्ठ्या टेबलावरून उडून खाली पडल्या. त्या हवालदारानं वाकून उचलल्या.

फौजदारांनी रजिस्टर बंद केलं. आम्हाला सोडलं, पण डबा जप्त झाला आणि पुढचा हुकूम होईपर्यंत आमच्या घरचा पत्रव्यवहार बंद, असा कागद आमच्या सहीनं केला गेला. वहिनीनं सही केली ती तिच्या मोठ्या तुटक अक्षरात. बाहेर आल्यावर ती झाडाखाली बसली. मी तिला पाणी आणून दिलं. ती प्याली. मी काहीतरी बोलायला लागले तर ती म्हणाली की बस निघून जाईल, चल.

वहिनीला नेमकं काय वाटलं होतं ते मी पुढेही कधी विचारलं नाही. ती माझ्याशी आधीसारखीच वागत राहिली. माझा डबा भरून दे, वेणी घालून दे, सगळं तसंच. तेच मला जड जाई.

ऑगस्टच्या सुरुवातीला तिला मुलगी झाली. दोन दिवस ती फार अवघडली होती. सुईण आणि माय दोघींनी आशा जवळजवळ सोडली होती. मग सुटली. मुलगी काळीसावळी, चांगली अंगानं भरलेली. पाचव्या दिवशी वहिनी उठून बसली आणि तिनं मला विचारलं की त्यांना कसं कळवायचं. दादाला आमचं शेवटचं पत्र मे महिन्यात मिळालं होतं. ऑगस्टात दिवस भरतील एवढंच त्याला ठाऊक होतं.

मी अर्ज लिहायला लागले. ठाण्याला लिहिला, वर लिहिला, आणखी वर लिहिला. एकालाही उत्तर आलं नाही. एक दिवस आमच्या पोस्टमास्तरांनी मला हाक मारली. तो हवालदार त्यांच्याशी बोलला होता. म्हणाला होता की त्या मास्तरीणबाईले सांगा, लंबे अर्ज कोणी वाचत नाई. साध्या कार्डावर तीन ओळी लिहा आणि माझ्याकडे द्या.

वहिनीनं सांगितलं, मी लिहिलं. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहोत. नाव तुम्ही ठरवा.

कार्ड दिल्याला आठ दिवस झाले, दहा झाले. बाराव्या दिवशी सकाळी तो हवालदार स्वतः सायकल हातात धरून वस्तीत आला. चिखल चाकांत भरला होता. सगळी वस्ती दारात उभी राहिली. त्यानं आमच्या ओट्याखालीच उभं राहून सांगितलं की अशी मुलगी खरंच झाली आहे का, याची चौकशी लागली आहे, ती केल्याशिवाय कार्ड पुढे जात नाही. मायनं त्याला वर बोलावलं नाही. वहिनी आत गेली, मुलीला दुपट्यात गुंडाळून घेऊन आली आणि त्याच्यासमोर धरली. त्यानं टोपी काढली, काखेत धरली. मुलीकडे पाहिलं. मुलगी झोपली होती. तिच्या पायाचा अंगठा दुपट्यातून बाहेर आला होता, तो त्यानं दुपटं ओढून झाकला, टोपी घातली आणि निघून गेला.

कार्ड दादाला सप्टेंबरच्या शेवटी मिळालं. मुलगी तेव्हा सात आठवड्यांची होती. त्यावर एकही शब्द काळा केलेला नव्हता. पत्त्याच्या बाजूला लाल शाईत, सरकारी वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं: समक्ष पाहून खात्री केली. त्याच्याखाली, त्याच शाईत पण जरा बारीक: मूल सुदृढ आहे.

हे दादानं आम्हाला सुटून आल्यावर सांगितलं. पुढच्या वर्षी, होळीच्या थोडं आधी, तो बसनं आला. मुलगी त्याला बघून रडली आणि तिनं मायच्या खांद्यात तोंड लपवलं. तो तिला घ्यायची घाई न करता ओट्यावर बसून राहिला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती त्याच्या मांडीवर गेली. त्यानंतर एका संध्याकाळी तो बोलला. पत्रं बंद झाली तेव्हा पहिला महिना त्यानं वाट बघितली. दिवस भरून गेले, तरी पत्र नाही. तेव्हा बायको बाळंतपणात गेली आणि घरचे आपल्याला कळवत नाहीत, असं त्याच्या मनानं घेतलं. तो जेवेनासा झाला. बराकीतले लोक त्याला जवळ घेऊन बसत. आधी आलेल्या ओळी त्यांच्या पाठ होत्या. रोज संध्याकाळी त्यातले पाच शब्द घेऊन कोणीतरी गोष्ट रचून सांगे, आणि ती ऐकताना दादानं दोन घास खावे असं ठरलेलं होतं. त्या शब्दांनी मला खाऊ घातलं, तो म्हणाला. वहिनी खाली मान घालून ऐकत होती. त्या शब्दांमुळेच पत्रं बंद झाली हे त्याला ठाऊक होतं, तरी त्यानं त्याबद्दल तिला बोल लावला नाही. ठाण्यात मी काय बोलले ते मात्र त्याला कधीच कळलं नाही. मी सांगितलं नाही. वहिनीनंही सांगितलं नाही.

पुढे दादाची नोकरी परत मिळाली, ती दूरच्या गावी. महिन्याला एक कार्ड येई. सुखरूप आहे, माझी काळजी करू नये, एवढंच. वहिनीचं उत्तरही तेवढंच. आता कोणी उघडत नव्हतं, पण त्यांना लिहिताच येत नसे. जे बोलायचं ते दोघं भेटल्यावर बोलत.

त्या हवालदाराला मी पुन्हा एकदाच पाहिलं. सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर मी मंगरूळपीरला शाळेच्या कामानं गेले होते. दर्ग्याला जाणाऱ्यांची त्या दिवशी गर्दी होती आणि बसस्टँडवर उभं राहायला जागा नव्हती. तो गणवेशात नव्हता. धोतर आणि सदरा घातलेला, हातात पिशवी. त्यानं मला ओळखलं आणि गर्दीतून वाट काढत जवळ आला. मायचा गुडघा आता कसा आहे, असं त्यानं विचारलं. तुरीचं काय झालं, ती लंगडी शेळी अजून आहे का. आमच्या नातेवाइकांना माहीत नसतील अशा गोष्टी त्याला माहीत होत्या. तो नुसते शब्द हुडकत नव्हता तर. त्यानं सगळं वाचलं होतं, अगदी सुरुवातीच्या पत्रांपासून. ह्या माणसानं आमच्यासाठी काय केलं तेही आठवत होतं, आणि वहिनी पाठमोरी बसली होती तेही.

"आन् पोरगी?" तो म्हणाला. "पोरगी कशी हाय, मास्तरीणबाई?"

मी म्हणाले, "बरी आहे." बस लागली होती. मी वळले आणि चढले. तो खाली उभाच होता. मी खिडकीतून बाहेर बघितलं नाही.

घरी येऊन मी वहिनीला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. ती रागावेल, निदान गप्प होईल, असं मला वाटलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं की आणखी काय सांगितलं. मी म्हणाले, काही नाही, बरी आहे म्हणाले आणि आले.

"इतकंच?" वहिनी म्हणाली. "चालाले लागली म्हणून सांगाचं व्हतं ना बाई. त्यानं पाह्यली व्हती तिले. तिच्या बापाच्या आधी."